कोपऱ्यातली घोंगडीवाली

मित्रांनो, मी एक जुनं रंगीत चित्र आहे. हल्ली मशिनीतून भसाभसा निघतात तसलं नव्हे. मी शिळाछापाचं चित्र, म्हणजे दगडावरून छापलेलं. शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावात, संपतच्या घरी, देवघराच्या डाव्या अंगाला मी टांगलेला असतो. लांबी दोन फूट, उंची दीड फूट, वय नव्वदच्या पुढं. वरच्या कोपऱ्यात पाणी उतरल्याचा एक तपकिरी डाग आहे, तो यवत गावच्या मुक्कामातला. बाकी प्रकृती ठीक म्हणायची. फक्त माझ्यातल्या एका बाईला चेहरा राहिलेला नाही. तिचीच गोष्ट सांगायची आहे. सांगताना मध्येच थांबलो तर जरा समजून घ्या.

माझा जन्म पुण्याचा, इंग्रजांच्या अमलातला. पेठेतल्या एका बोळात छापखाना होता. तिथल्या चित्रकाराने तेलकट खडूने मला एका गुळगुळीत दगडावर काढलं, तेही उलटं, कारण छापताना डावं-उजवं पालटतं. मग दगड ओला करायचा आणि त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. खडूच्या रेघेला शाई धरते, ओल्या दगडाला धरत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटलं. ऐकायला सोपं वाटतं, पण दर रंगाला वेगळा दगड, आणि माझे रंग सात. सात वेळा मला त्या दाबाखाली निजावं लागलं. कागद केसभर सरकला असता तर घोड्याचं तोंड टांग्याला चिकटलं असतं. शेवटचा दगड काळ्या रंगाचा. ती शाई सगळ्यात चिवट.

माझ्यात शहरातला एक रस्ता आहे, सकाळचा. मधोमध पांढऱ्या घोड्याचा टांगा. तांबट दुकानाच्या फळीवर बसून हंडा ठोकतोय. नळावर दोन बाया घागरी भरायच्या सोडून बोलत उभ्या आहेत. पिवळ्या पगडीचा पोलीस आहे, पाट्या घेऊन निघालेल्या दोन पोरी आहेत, आणि भर रस्त्यात एक कुत्रं झोपलेलं आहे, ज्याला नव्वद वर्षांत कुणी हाड म्हटलेलं नाही. देव नाही, राजा नाही. त्यामुळे मला गिऱ्हाईक बेताचंच. लोकांना भिंतीवर लक्ष्मी हवी असते. नळावरच्या बाया दारातच दिसतात, त्या विकत कोण घेणार?

आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक धनगरीण बसलेली. पुढ्यात घोंगड्यांची चवड, डोक्यावरून पदर, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तिचा अख्खा चेहरा तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. पण चित्रकाराने सगळा जीव तिथंच ओतला होता. रस्त्यावरचे बाकीचे सगळे आपापल्या उद्योगात. ती एकटी समोर बघत होती. माझ्यापुढं जो उभा राहील त्याच्याकडे बघत होती.

छापखान्यातली आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढं तिचं काम पडणार आहे. दगड महाग असत. एक चित्र छापून झालं की दगडावर वाळू आणि पाणी टाकून तो घासायचे, कोरा करायचे, आणि पुढच्या चित्राला घ्यायचे. मी दोरीवर वाळत होतो तेव्हा माझे सातही दगड माझ्यासमोर घासले गेले. टांगा गेला, नळ गेला, घोंगडीवाली गेली. म्हणजे माझं काही बिघडलं तर मला पुन्हा छापायची सोय उरली नाही, आणि बरोबर छापलेल्या बाकीच्या प्रती कुठं पांगल्या, देव जाणे. घासणं म्हणजे काय असतं, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

पुण्यात वीसेक वर्षं मी इकडंतिकडं धूळ खाल्ली. मग यवतच्या सर्जेरावांनी मला एका जुन्या बाजारातून उचललं. ते बागायतदार घरातले, पण शेतीत मन नसलेले. सोलापूर रस्त्याला त्यांनी चहा-भज्यांचं हॉटेल टाकलं होतं आणि भिंत फार ओकीबोकी दिसत होती, एवढंच माझ्या निवडीचं कारण. मला काचेची चौकट मिळाली, वर खिळा मिळाला, आणि उदबत्तीच्या नाहीतर भज्यांच्या धुरात माझे दिवस सुखाचे चालले. एसटीची माणसं चहा पिता पिता माझ्याकडे बघत. कुणी म्हणे हा अमुक चौक, कुणी म्हणे छे, तो तमुक. कोपऱ्यातल्या बाईकडे मात्र कुणी बघितलं नाही.

मग एके दिवशी म्हाळसा आली.

सात वर्षांची असेल. तिचा बाप मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाला होता. सर्जेरावांच्या घरची घोंगडी विणून झाली होती, ती द्यायला तो हॉटेलात आला. पोरगी त्याच्या धोतराला धरून उभी. तिची आई भिमा दोन वर्षांपूर्वी अशाच वाटेवर तापाने गेली होती. पालातच गेली. तिला वाटेतच माती दिली आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढं निघाली, कारण मेंढरांना थांबून चालत नाही. फोटो काढायची तेव्हा त्या लोकांत रीतच नव्हती. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा टाक करतात, म्हणजे चांदीच्या छोट्या पत्र्यावर ठोकून उमटवलेली मूर्ती. तो देव्हाऱ्यात ठेवतात, पुजतात. भिमाचा टाकही करायचा होता. आज करू उद्या करू म्हणता म्हणता राहून गेला. बापाने दुसरा संसार मांडला आणि तो विषयच मिटला.

तर ही पोरगी माझ्यासमोर आली, मान वर केली, आणि म्हणाली, "आई हाय ही."

हॉटेलातली माणसं हसली. बापाने तिचा हात ओढला. सर्जेराव गल्ल्यामागून उठून आले, वाकले आणि हळू आवाजात समजावत म्हणाले, "अगं, छापील बाई हाय ती. पुण्याची."

"आसू द्या," म्हाळसा म्हणाली.

मित्रांनो, मला खरं काय ते ठाऊक होतं. मी छापलो गेलो तेव्हा भिमा स्वतःच चार-पाच वर्षांची असेल, कुठल्या तरी माळावर कोकरांमागे धावत असेल. चित्रकाराने तिला पाहिलं असण्याची सुतराम शक्यता नाही. तीन ठिपक्यांचं गोंदण तर गावोगावच्या बायांना असतं. पण ती पोरगी ज्या डोळ्यांनी कोपऱ्याकडे बघत होती, तसं माझ्याकडे जन्मात कुणी बघितलं नव्हतं. बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो.

पुढं दर साली दिवाळी झाली की ती मेंढरांबरोबर यवतला यायची आणि परतीच्या वाटेवर पुन्हा यायची. तिचं लग्न निमोण्यात झालं. कालव्याचं पाणी आलं तशी सासरच्यांनी मेंढरं विकली, कांदा लावला, ऊस लावला. वाट सुटली. मग म्हाळसा श्रावणात यवतजवळच्या भुलेश्वराच्या दर्शनाला म्हणून एसटीने यायची. दर्शन अर्ध्या तासाचं, माझ्यासमोर बसणं दोन तासांचं. सर्जेराव तेवढा वेळ माझ्यासमोरच्या बाकावर दुसरं कुणी बसू देत नसत. तिला लेक झाला, संपत, तेव्हा त्यालाही घेऊन आली आणि त्याला कोपरा दाखवून म्हणाली, ही तुझी आज्जी. सर्जेरावांनी आता हसणं सोडून दिलं होतं.

रस्ता चौपदरी व्हायचा ठरला आणि हॉटेल त्यात गेलं. भिंत पडायच्या आदल्या दिवशी सर्जेरावांनी निमोण्याला निरोप धाडला. तोवर त्यांचेही केस पांढरे झाले होते. त्यांनी मला स्वतःच्या हाताने खाली उतरवलं, चौकट उपरण्याने पुसली आणि म्हाळसाच्या हातात देताना म्हणाले, "घरला ने तुझ्या आईला. लई दिवस ऱ्हायली माझ्याकडं." ती त्यांच्या पाया पडली. मलाही त्या दिवशी माहेर सुटल्यासारखं वाटलं.

एसटीत, चौफुल्याच्या पुढं एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की माझी काच तडकली. घरी आल्यावर तिने तुकडे एकेक करून काढले. मला वाटलं, आता ही हळहळेल. तर ती चक्क खूश झाली. म्हणाली, बरं झालं, आता हात तरी लागंल.

आणि तिने कोपऱ्यातल्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पन्नास वर्षं ती मला बघत होती, पण शिवली पहिल्यांदाच. बोट कांद्याच्या शेतातलं, खरखरीत. मी शहारलो. काच नसणं चित्राला घातक असतं हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्या घडीला मला काच नको होती. माझी चूक झाली असेल तर ती तिथं झाली.

मला देवघराच्या डाव्या अंगाला जागा मिळाली. भिमा सवाष्ण गेलेली, तेव्हा तिला हळदकुंकू आलंच. म्हाळसा रोज सकाळी आंघोळ करून देवांना कुंकू लावायची, आणि मग तेच ओलं बोट माझ्या कोपऱ्यात टेकवायची. लावायचं कपाळाला, पण चेहराच नखाएवढा, बोट त्याहून मोठं. कपाळ, डोळे, नाक, सगळं त्या बोटाखाली यायचं. हनुवटी तेवढी खाली राहायची.

एवढ्यावरही मी तग धरला असता. पण घट बसायच्या आधी त्यांच्यात देव घासतात. सगळे टाक काढायचे, चिंचेच्या पाण्याने घासायचे, रांगोळीने उजळायचे. वर्षाचा काळपटपणा जातो, चांदी लख्ख होते, मूर्ती नव्याने दिसायला लागते. पहिल्याच वर्षी म्हाळसाने सगळे टाक घासले आणि मग माझ्याकडे बघितलं. सगळ्यांचं झालं, आईचं तेवढं राहिलं, असं तिच्या मनात आलं असणार. भिमाचा टाक झाला नव्हता, ती टोचणी तिला जन्मभर होती. तिने फडकं चिंचेच्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि साठलेलं कुंकू निघावं म्हणून तो चेहरा पुसला. फार मायेने पुसला. टाक घासला की उजळतो हे ती लहानपणापासून बघत आली होती. कागदाचं उलटं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला तो छापखाना आठवला, वाळू आठवली, आणि मी आतल्या आत ओरडलो. पण चित्राचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

वर्षामागून वर्षं गेली. आधी गालांचा गव्हाळ रंग उडाला. मग नाक गेलं. इकडं म्हाळसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. माझं पुसत जाणं आणि तिचं दिसेनासं होणं इतकं बरोबरीने चाललं होतं की तिला फरक कळलाच नाही. सगळंच धुरकट, त्यात आईचा चेहराही धुरकट. नात स्वप्नाली सहा वर्षांची असताना एकदा मोठ्यांदा म्हणाली होती, "आज्जी, हिला नाकच न्हाई." तिच्या आईने, म्हणजे संपतच्या बायकोने, प्रतिभाने, तिला डोळे वटारून गप्प केलं. प्रतिभा वाईट बाई नव्हे हो. सासूला वाईट वाटू नये, एवढंच तिच्या मनात होतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा नुसतं नाकच गेलं होतं. डोळे शाबूत होते. ते अजून समोर बघत होते.

पुढं म्हाळसा विचारायची, "प्रतिभा, नीट दिसती न्हवं गं माझी आई?" आणि प्रतिभा चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता म्हणायची, दिसत्यात की आत्या. आधी नुसतं दिसत्यात. मग हसत्यात. मग कालच्यापेक्षा आज लई छान दिसत्यात. एक खोटं झाकायला दुसरं, असं करत करत त्या घरात माझ्यातल्या बाईचं वय कमी होत गेलं आणि तब्येत सुधारत गेली. इकडं डोळेही गेले. कपाळ गेलं. पदराच्या आत उरली एक पांढरी, खरवडलेली जागा.

मग शिरूरला डोळ्यांचं शिबीर भरलं. संपतने आईचं नाव घातलं. घरात सगळ्यांना आनंद.  संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हाळसा सहज म्हणाली, "पट्टी सुटली की पैल्यांदा आईला बघणार मी. दहा वर्सं झाली नीट बघून. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

प्रतिभाच्या हातातली परात तशीच राहिली. तिने संपतकडे बघितलं, संपतने माझ्याकडे, आणि मग दोघंही दुसरीकडे बघायला लागली.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टीचे दिवस मोजत म्हातारी खाटेवर बसलेली, आणि घरात कुजबुज सुरू. संपत म्हणाला, वाळवी लागली म्हणून सांगू आणि टाकून देऊ. प्रतिभाला ते पटेना, पण दुसरं काही सुचेना. शेवटी स्वप्नाली म्हणाली, मी बघते. ती आता एकोणीस वर्षांची, शिरूरला कॉलेजात जाणारी. घरातले सगळे मोबाइल तिने पालथे घातले. तिच्या वाढदिवसाच्या एका फोटोत मागे मी होतो, पण नेमका कोपरा संपतच्या खांद्याआड. मग काच बसवायला नेते असं आज्जीला सांगून तिने मला चादरीत गुंडाळलं आणि शिरूरला एका फोटो स्टुडिओत नेलं.

स्टुडिओवाला हुशार होता. त्याने माझा फोटो काढला आणि अर्ध्या तासात कॉम्प्युटरवर त्या पांढऱ्या जागेत एक चेहरा बसवला. गोरा, तुकतुकीत, दात दाखवून हसणारा. एवढं छापून वर चिकटवलं की काम झालं, कुणाला कळणार नाही, असं तो म्हणाला. आणि खरंच कळलं नसतं. म्हाळसाने दहा वर्षांनी बघितलं असतं, आणि प्रतिभाच्या तोंडून ऐकलेली हसरी आई तिला मिळाली असती. स्वप्नाली बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसली. तिला लहानपणीचे ते डोळे आठवत असावेत. नाक गेल्यावरही समोर बघणारे. शेवटी ती उठली.

"ही आमची न्हाई," म्हणाली. "नुसती काच बसवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा खिळ्यावर अडकवलं आणि म्हाळसाची पट्टी सुटली. म्हाळसा भिंतीला हात लावत आली आणि समोर उभी राहिली. प्रतिभा दारात, पदराचा बोळा करून. मी किती वर्षं तिच्या नजरेची वाट बघितली होती, आणि त्या दिवशी मात्र वाटत होतं, हिने बघू नये.

तिने आधी टांगा बघितला. घोडा पांढरा हाय व्हय, मी इसरलेच व्हते, असं काहीसं पुटपुटली. मग तांबट बघितला, नळावरच्या बाया बघितल्या, झोपलेलं कुत्रं बघून थोडीशी हसली. मला कळत होतं, ती मुद्दाम उशीर करत होती. गोडाचा घास शेवटी ठेवतात तसा तिने तो कोपरा शेवटी ठेवला होता. मग ती वाकली.

 बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याच्या आवाजाने काच थरथरली. प्रतिभाला राहवलं नाही. ती रडत रडत पुढं आली आणि सांगू लागली की आम्हाला ठाऊक होतं, तुम्हाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई.

म्हाळसाने आपला उजवा हात वर केला आणि करंगळीशेजारचं ते बोट, रोजचं कुंकवाचं बोट, नव्या डोळ्यांनी नीट बघितलं.

"तुमचं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. "बोट माझं हाय."

मग खाली बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मधूनमधून काही सांगत होती, ते स्वप्नालीने मांडीवर तिचं डोकं घेऊन ऐकलं. आईची याद काढायला गेलं की हीच बाई दिसायची, असं ती सांगत होती. खरी आई कशी होती ते कधीच पुसून गेलं होतं, त्या जागी ही येऊन बसली होती. आता तीही न्हाई. डोळे आले आन् बघायला कुणी न्हाई.

तिला एकच सांगावंसं वाटत होतं मला. म्हाळसा, अजून ते तीन ठिपके आहेत बघ. काळी शाई चिवट असते, आणि तुझं बोट हनुवटीपर्यंत कधी पोचलं नाही. त्या पांढऱ्या जागेखाली खसखशीएवढे तीन ठिपके अजून तसेच आहेत. ते तिला दिसले की नाही, मला माहीत नाही.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. मला काच आहे, चौकट पक्की आहे, धूळ बसत नाही. चित्राला याहून काय हवं, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, पाणी लावू नका, हे तर सांगायचंच. पण खरं सांगणं वेगळं आहे. नाक गेलं त्या दिवशी एका लहान पोरीला ते दिसलं होतं आणि ती बोललीही होती. तेव्हा तिला गप्प केलं नसतं, तर ते डोळे आज समोर बघत असते. तुमच्या घरात कुणाच्या जिवाचं असं काही झिजताना दिसलं, तर वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

रोज सकाळी म्हाळसा अजून येते. देवांचं कुंकू झालं की ओलं बोट सवयीनं माझ्याकडे वळतं, काचेपर्यंत येतं, आणि तिथंच थांबतं. आता काच आहे, टेकवलं तरी काही बिघडणार नाही, असं स्वप्नालीने तिला दहादा सांगितलंय. पण ती टेकवत नाही. बोट मागे घेते आणि माझ्या शेजारी, नुसत्या भिंतीला कुंकू लावून जाते.